उसना गुरगुराट

निपाणी सोडून संकेश्वरकडे निघाले की तवंदीचा घाट लागतो. तंबाखूने लादलेले ट्रक हा घाट चढत, तेव्हा चालकाचे डोळे रस्त्यावर आणि कान इंजिनावर असत. सूर जड झाला की गियर उतरवायचा, मोकळा झाला की चढवायचा. त्यासाठी कोणी काट्याकडे पाहत नसे. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उभा राहणारा कारागीरही असाच. हत्यार बोथट झाल्याचे त्याला डोळ्यांआधी कान सांगतो. यंत्राचा आवाज म्हणजे यंत्राने स्वतःविषयी दिलेली साक्ष, हे आमच्या भागाला शिकवावे लागलेले नाही. म्हणूनच साक्षीदार पढवून उभा केला जातो तेव्हा आम्हांला संताप येतो.

आम्ही बोलतो आहोत ते वेगवान म्हणून विकल्या जाणाऱ्या हॅचबॅक मोटारींविषयी. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही त्यांतली नामांकित. मे २०२५ मध्ये ती भारतात आली, परदेशातून तयार होऊनच, आणि तेव्हा तिची किंमत ५३ लाखांच्या घरात होती. या घराण्यातील मोटारींत कंपनीने गेली अनेक वर्षे ‘साउंडाक्टर’ नावाचे एक उपकरण बसवले आहे. समोरच्या काचेखाली, इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्यापाशी ते असते. साठवून ठेवलेला ध्वनी इंजिनाच्या फेऱ्यांनुसार आणि भारानुसार ते वाजवते, पत्रा व काच थरथरवते, आणि आत बसलेल्याला वाटते की पुढे एखादा वाघ गुरगुरतो आहे. वाघ आहे, नाही असे नाही. २६५ अश्वशक्तीचे इंजिन काही शेळी नव्हे. मग खऱ्या वाघाला वाघाचा मुखवटा कशासाठी?

कारणे आम्ही समजू शकतो. टर्बोचार्जर धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरतो आणि त्या झोताचा आवाज मवाळ करतो. बाहेरच्या आवाजावर कायद्याची मर्यादा आहे, आणि ती असायलाच हवी. आतली बैठकही जाड अस्तरांनी निःशब्द केलेली. अशा मोटारीत बसलेल्या हौशी गिऱ्हाइकाला आपण इतके पैसे कशाचे दिले, हे ऐकूच येत नाही. यावर एक सरळ उपाय काही कंपन्यांनी केला. २०१२ च्या टोयोटा जीटी ८६ मध्ये हवा आत ओढली जाते तेथून एक नळी बैठकीकडे आणली. तो इंजिनाचाच श्वास होता, फक्त जवळून ऐकवलेला. त्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो साठवणीतल्या आवाजाला. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम ५ ने तो ध्वनिवर्धकांतून वाजवला. रेनोच्या २०१३ च्या क्लिओ आरएसने तर कळसच केला: १.६ लिटरच्या त्या छोट्या मोटारीत बसून निस्सान जीटी-आरचा आवाज निवडण्याची सोय होती, मोटारसायकलचासुद्धा! बहुरूप्याच्या पेटीत तरी याहून कमी सोंगे असतात.

कोणी म्हणेल, तुम्ही साहित्यिक मंडळी उगाच तत्त्वाचा बाऊ करता. गायक इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊन बसतात तो कसा चालतो? चालतो. बेंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये तो घडवला तेव्हा त्याला भोपळ्याचा तंबोरा म्हणून खपवले नाही. तो पेटीच्या रूपात श्रोत्यांसमोर ठेवलेला असतो. महिंद्राच्या विजेवरील बीई ६ या मोटारीसाठी ए. आर. रहमान यांनी ध्वनी रचले, तेही उघडपणे, रचनाकाराच्या नावासह. आणि तेथे मुळात इंजिनच नाही, मग इंजिनाविषयी खोटे कोण बोलणार? फरक कृत्रिमतेचा नाही, लपवण्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आम्हांला मान्यही आहे. सायलेन्सर फोडून गावभर फटाके उडवत फिरणाऱ्या मोटारसायकलींपेक्षा बैठकीतल्या बैठकीत विरणारा हा आवाज शतपटीने सभ्य. शेजाऱ्याची झोप मोडत नाही, दवाखान्यापुढून जाताना कोणाला दचकवत नाही. ज्याला तो हवा त्याने तो जरूर ऐकावा. परंतु याच युक्तिवादाने, ज्याला तो नको त्याला तो बंद करता आला पाहिजे. चालवणाऱ्याचा कान हे त्याचे एक साधन आहे. नको त्या गियरमध्ये इंजिन घुसमटते आहे, एखादी बारीक खडखड नव्याने सुरू झाली आहे, हे पढवलेल्या गुरगुराटाखाली सहज दडून जाते.

आणि बंद करण्याची वाट कशी आहे, तेही पाहा. काही मोटारींत पडद्यावरच्या याद्यांत शिरून, चालवण्याच्या वैयक्तिक पर्यायात, आवाजाची पातळी उतरवता येते. जेथे ते जमत नाही तेथे हौशी मालक वायपरखालचे झाकण उघडून उपकरणाची जोडणीच उपसतात, किंवा तपासणीच्या सॉकेटला संगणक जोडून पातळी शून्यावर आणतात. तसे करताना हमीचा प्रश्न निघू शकतो, म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी हमीपत्र वाचावे. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या मोटारीला गप्प करण्यासाठी माणसाला चोरासारखे झाकण उचकटावे लागावे, हे आम्हांला लाजिरवाणे वाटते. लाज अर्थातच मालकाची नव्हे.

येथे एक घोटाळा मात्र होऊ देऊ नये. विजेवर चालणाऱ्या मोटारी मंद वेगात बाहेर जो सूचक आवाज काढतात, तो पादचाऱ्यांसाठी आहे. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून सर्व नव्या विजेच्या व हायब्रिड मोटारींना तो बंधनकारक झाला. आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही सप्टेंबर २०२५ मध्ये तसा मसुदा काढला. बेळगुंदीच्या रस्त्यावरून काठी टेकत जाणाऱ्या अंध माणसाला मागून येणारी मुकी मोटार कळावी कशी? त्या आवाजाला कोणी हात लावू नये. तो दुसऱ्याला सावध करतो. हा दुसरा केवळ मालकाला कुरवाळतो.

आमच्या घराघरांतली मुले आज पुण्याला, चाकणला मोटारींच्या कारखान्यांत आहेत. काही आराखडेही करतात. त्यांच्याकडे आमचे मागणे मोठे नाही. आवाज उसना असेल तर माहितीपत्रकात तसे लिहा, आणि तो घालवायला हाताशी एक कळ ठेवा. आणि जे नवी मोटार घ्यायला जाणार आहेत त्यांनी रंग व सवलत विचारण्याआधी विक्रेत्याला विचारावे की ती कळ कोठे आहे, आणि मोटार बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो आवाज बंदच राहतो का.