गाडीला काय पाया लागतो?

मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. "गाडी उन्हात नुसती करपतेय. घराला लागूनच एक छोटी खोली काढतो. मिस्त्री सोमवारपासून येतोय." (आमच्याकडे गॅरेज म्हणजे मेकॅनिकचं दुकान, म्हणून ही 'गाडीची खोली'.) मी सहज विचारलं, पाया किती? तर मागून मिस्त्रीचाच आवाज आला, "सर, गाडीला काय पाया लागतोय व्हय? दोन फूट खोदू, सोलिंग टाकू, वर पीसीसी. झालं काम!"

आता मी पडलो कॉम्प्युटरवाला. सिव्हिलशी संबंध फर्स्ट इयरच्या एका पेपरपुरता. पण आमचं घर बार्शीजवळच्या एका एन.ए. लेआउटमध्ये आहे आणि तिथे आधी ज्वारी व्हायची, एवढं मला माहीत होतं. म्हणून सोमवार पुढे ढकलायला लावला. बाबा चिडले, हे सांगायला नकोच :)

हलक्या बांधकामाला कसलाही पाया चालतो, हा समज काळ्या मातीत नेमका उलटा पडतो. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. आठ फूट उंचीची नऊ इंची भिंत दोन फूट रुंद पायावर उभी केली, तर खाली भार पडतो चौरस मीटरला दोनेक टन. फुगणाऱ्या मातीचा वर येणारा दाब १० टनांच्याही पुढे जाऊ शकतो. तीन मजली इमारत निदान स्वतःच्या वजनाने माती थोडीफार दाबून धरते. आपली गाडीची खोली बिचारी पावसाळ्यात उचलली जाते आणि उन्हाळ्यात खाली बसते. तेही सगळीकडे सारखं नाही. जिथे पागोळ्या पडतात तिथे जास्त, जिथे कोरडं तिथे कमी. मग शटर अडकतं, फरशी फुगते, आणि नवी भिंत जुन्या घराला जोडलेली असेल तर घराच्या भिंतीलाही तडा जातो. मला खरी भीती त्या घराची होती. बाबांची आयुष्यभराची कमाई आहे ती.

आपल्याकडे 'काळी' म्हणजे शेती आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. ज्वारी काळीत, माणसं पांढरीत. गेल्या काही वर्षांत गावं पसरली आणि आपण काळीतच घरं बांधायला लागलो. सातबारावर एन.ए. लागतं, पण मातीला ते कोण सांगणार?

तर मग करायचं काय? आधी एक खड्डा. "दोन फुटांच्या कामाला सहा फुटांचा खड्डा?" इति बाबा. पण खणला. साडेपाच फूट काळी, मग मुरूम. या वेळी मिस्त्रीनेच कामाची माहिती दिली. मेमध्ये इथल्या भेगांत पंजा जायचा, आणि टाकी भरून वाहिली की पाणी याच कोपऱ्यात मुरतं. कुठल्याही रिपोर्टइतकीच मोलाची माहिती! ओली माती वळून बघितली तर तीन मिलिमीटरची वळी न तुटता होत होती. म्हणजे चिकणमाती भरपूर.

मग जवळच्या लॅबमध्ये फ्री स्वेल टेस्ट. अगदी साधी असते. कोरड्या, बारीक चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन नमुने, एक पाण्यात, एक रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. निदान २४ तासांनी दोन्हींची उंची बघायची. आमच्या मातीची रॉकेलमध्ये १० मिली, पाण्यात २२. म्हणजे १२० टक्के. भारतीय मानकाप्रमाणे १०० ते २०० म्हणजे 'जास्त फुगणारी'.

आकडा बघितल्यावर बाबांचा सूर बदलला. (निवृत्त शिक्षक आहेत, मार्कांवर विश्वास!) एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून ठरलं ते असं: विटांच्या भिंती रद्द. चार कॉलम, फूटिंग मुरुमात, वर पत्रा. घरापासून सुटं, मध्ये फट. खालची तीन फूट काळी माती काढून मुरूम, थराथराने धुम्मस करून. वर पेव्हर ब्लॉक, म्हणजे हललेच तर उचलून परत बसवता येतील. पत्र्याचं पाणी पन्हळीने लांब, आणि टाकीला बॉलकॉक. मुरूम फार खोल असता तर अंडर-रीम्ड पाइल्स लागले असते. रुरकीच्या सी.बी.आर.आय.ने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले हे पाइल्स खोल काळ्या मातीत कमीत कमी साडेतीन मीटर न्यावे लागतात.

खर्च वाढला, नाही कशाला म्हणू? पण खड्डा आणि टेस्ट मिळून जे लागलं, ते त्या खोलीच्या शटरपेक्षाही कमी होतं. आपण टाइल्ससाठी चार दुकानं पालथी घालतो, आणि मातीला एक प्रश्न विचारायला आपल्याला वेळ नसतो. माझं मत विचाराल तर प्लॉटचा टोकन देण्याआधीच खड्डा खणावा, आणि शेजाऱ्यांच्या भिंतींवरचे तडे मोजावेत. ते तर फुकट आहे.

तुमच्याही घरून कधीतरी असा फोन येईल. तेव्हा एवढंच विचारा, "खाली काय लागलं?" उत्तर "बघितलं नाही" असं आलं, तर सोमवार पुढे ढकला.

बाबा आता शेजारच्या काकांना खड्डा खणायला सांगतायत. असो!