'घायवळ'मधला एक 'एच' आणि परदेशात अडकलेलं पीसीसी

सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोथरूडला गोळीबार झाला आणि पोलीस नीलेश घायवळच्या मागावर निघाले, तेव्हा तो देशात नव्हताच. गंभीर गुन्हे नोंद असलेला माणूस रीतसर पासपोर्ट दाखवून लंडनला गेला कसा, या प्रश्नाचा धागा थेट आपल्या नगरपर्यंत आला. तपासात पुढे आलेली माहिती अशी: पासपोर्ट २०१९-२० च्या सुमारास तत्काळ योजनेतून काढलेला, पत्ता अहिल्यानगर शहरातला, आणि आडनाव इंग्रजीत 'घायवळ' ऐवजी 'गायवळ'. म्हणजे स्पेलिंगमधला एक 'एच' गळालेला. पोलीस पत्त्यावर गेले तेव्हा माणूस सापडला नाही, अहवालात 'नॉट अव्हेलेबल' असा शेरा गेला. तत्काळमध्ये पडताळणी पासपोर्ट दिल्यानंतर होऊ शकते, त्यामुळे पासपोर्ट तोवर त्याच्या हातात होता.

पुढचं राजकारण तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच. मला या प्रकरणात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. हाच 'नॉट अव्हेलेबल' शेरा आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी साध्या माणसांच्या वाट्याला येतो. कुणी जर्मनीत नोकरी करतंय, कुणी दुबईहून कॅनडाला जायचं बघतंय. त्यांना पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी हवं असतं. पोलीस गावी जातात, माणूस घरी नसतो. नसणारच, तो परदेशात आहे म्हणून तर अर्ज केलाय!

पीसीसी नेमकं काय सांगतं?

तुम्ही दुसऱ्या देशात कायमचं राहायला, नोकरीला किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसावर जाणार असाल तर तो देश विचारतो, 'तुमच्या देशात तुमच्यावर काही गुन्हा आहे का? कागद आणा.' भारतीयांसाठी हा कागद पासपोर्ट कार्यालय देतं. परदेशात असाल तर तिथला भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. पर्यटक व्हिसासाठी पीसीसी मिळत नाही. पोलीस ठाण्यामार्फत मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा, तो इथल्या नोकरीसाठी. दोन्हींची गल्लत करून पैसे आणि महिना घालवणारे मी बरेच पाहिलेत. नगर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो आणि सप्टेंबर २०२२ पासून पीसीसीचा अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रातही करता येतो.

अर्ज भरला की तुमची माहिती ऑनलाइन जिल्हा पोलिसांकडे जाते, तिथून ठाण्याकडे. ठाण्याचा माणूस पत्ता बघतो, शेजाऱ्यांना विचारतो, रेकॉर्ड तपासतो. हे रेकॉर्ड आता सीसीटीएनएसवर आहे. देशभरातली पोलीस ठाणी एका जाळ्यात आणायची ही योजना २००९ मध्ये मंजूर झाली. त्यामुळे पुण्यातला गुन्हा नगरच्या संगणकावर दिसायला हवा. पण संगणकाला विचारायचं काय? नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता. सगळा खेळ इथे आहे. आपली पडताळणी माणसाची होत नाही, त्याच्या नावाची आणि पत्त्याची होते.

शंभर वर्षांपूर्वीची युक्ती

नावाच्या स्पेलिंगचा घोळ आपल्यालाच आहे असं नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेलने १९१८ मध्ये 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चारानुसार आकडे द्यायचे. 'घायवळ' या पद्धतीत घातलं तर कोड येतो जी-४००. 'गायवळ' घातलं तरी जी-४००. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातली युक्तीसुद्धा ही दोन नावं शेजारी आणून ठेवते.

मग लावा की साउंडेक्स, असं वाटेल. थांबा. 'घुले' घातलं तरी जी-४०० येतो. 'गवळी' घातलं तरी तोच. आता नगर जिल्ह्यात घुले आणि गवळी किती आहेत ते मी सांगायला नको. शेवगावचा एखादा गवळी पीसीसीचा अर्ज करेल आणि संगणक त्याच्यासमोर पुण्यातल्या टोळीची यादी धरेल. जाळं बारीक केलं की निरपराध अडकतात, ढिलं सोडलं की नको तो निसटतो. यापेक्षा चांगल्या पद्धती आज आहेत, भारतीय नावांसाठी त्या आणखी सुधारता येतील. तरी नावावरून माणूस ओळखण्याची मर्यादा पूर्ण जात नाही.

त्यात आपल्याकडे एक भर पडली आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जुन्या पासपोर्टवर अहमदनगर, नव्या कागदावर अहिल्यानगर, आणि बोलताना सगळे नगरच म्हणतात. इथल्या ठाण्याला हे कळतं. परदेशातल्या व्हिसा अधिकाऱ्याला ही दोन वेगळी शहरं वाटू शकतात.

बाकीचे देश काय करतात?

अमेरिकेत काही काळ राहिलेल्या माणसाला तिथला दाखला लागला तर तो एफबीआयकडून येतो आणि बोटांच्या ठशांशिवाय मिळत नाही. फी १८ डॉलर. तुम्ही संगमनेरला परत आला असाल तरी दहाही बोटांचे ठसे ठरलेल्या कार्डावर घेऊन टपालाने पाठवता येतात. कॅनडाच्या आरसीएमपीचा प्रमाणित दाखलाही ठशांवरच. तुम्ही 'एच' गाळा नाहीतर पूर्ण आडनाव बदला, अंगठा तोच राहतो. तुम्ही तिथे कुठल्या पत्त्यावर राहत होता, आता घरी कोण आहे, हा प्रश्नच उरत नाही.

या पद्धतीलाही खोट आहे. शेतात, बांधकामावर राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, शाई नीट उमटत नाही आणि कार्ड 'दर्जा अपुरा' म्हणून परत येतं. माझ्या ओळखीच्या पारनेरच्या एका घरात हे दोनदा झालं. तिसऱ्या वेळी हात दोन दिवस तेल लावून मऊ केले, मग जमलं.

आपल्याकडे ठशांची यंत्रणा नाही का? आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये 'नॅफिस' ही राष्ट्रीय ठसे ओळख प्रणाली सुरू झाली. अटक झालेल्या व्यक्तीला त्यात दहा आकडी क्रमांक मिळतो. महाराष्ट्र पोलिसांकडे 'अँबिस' आहे, त्यात ठशांसोबत चेहरा आणि डोळ्यांची बुबुळंही येतात. आणि पासपोर्ट काढताना तुम्ही आम्ही सगळे केंद्रात बोटं ठेवून आलेलोच असतो. तरीही पीसीसीसाठी घराच्या दारावर टकटक करणं हाच पडताळणीचा कणा आहे.

सगळ्यांचे ठसे गुन्हेगारांच्या साठ्यात टाका, असं मी म्हणत नाही. तसं झालं तर एक दिवस तोच साठा आपल्यावर उलटेल. पण पीसीसीचा अर्ज स्वतःहून केलेल्या माणसाचे ठसे एकदा पडताळून लगेच पुसून टाकणं, इतकं करता येईल. आणि तेही जमत नसेल तर निदान शेरे तरी वेगळे करा. 'हा माणूस या पत्त्यावर कधीच राहत नव्हता' आणि 'घर याचंच आहे, आईवडील इथेच आहेत, तो परदेशात आहे' या दोन गोष्टींना 'नॉट अव्हेलेबल' हा एकच शब्द लावला की पहिला वाचतो आणि दुसरा अडकतो. पहिल्यासाठी तो शेरा धोक्याची घंटा असायला हवा होता. पुण्याच्या प्रकरणात ती घंटा वेळेवर कुणी ऐकली नाही, एवढं आता स्पष्ट आहे.

दुसऱ्याचं काय होतं ते बघा. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत आमंत्रण आल्यावर पूर्ण अर्जाला ६० दिवस मिळतात. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. ऑस्ट्रेलियात मोजणी एकूण बारा महिन्यांची. ब्रिटनमध्ये आरोग्य, शिक्षण आणि देखभाल क्षेत्रातल्या स्किल्ड वर्कर व्हिसाला बारा महिने राहिलेल्या देशांचे दाखले मागतात. म्हणजे नगरची एखादी नर्स आधी गल्फमध्ये चार वर्षं काम करून लंडनला निघाली, तर तिला भारताचा आणि गल्फमधल्या त्या देशाचा, दोन्ही कागद हवेत. त्यातला एक जरी ठाण्यात अडकला तर नोकरीचं पत्र वाया जातं. घायवळला यातलं काहीच लागलं नसतं. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाला पोलीस दाखला मागतच नाहीत.

म्हणून घरात कुणी परदेशी असेल तर पासपोर्टवरचा पत्ता आजच बघा. भाड्याचं जुनं घर असेल आणि तिथे आता कुणी राहत नसेल, तर पीसीसीआधी पासपोर्टचा पत्ता बदलून घेणं बरं. पत्ता गावचा असेल तर घरच्यांना सांगून ठेवा की पोलीस येतील. पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत आणि परदेशातला फोन नंबर हाताशी ठेवा, आणि अहवालात 'परदेशात आहे, कुटुंब इथे राहतं' असं लिहायची नम्र विनंती करा. नावाचं स्पेलिंग आधार, पासपोर्ट आणि शाळेच्या दाखल्यावर एकच हवं.

एक गोष्ट बरेच जण भीतीपोटी लपवतात: जुना गुन्हा. आपल्या भागात दूध दराच्या आंदोलनात, रास्ता रोकोत किंवा बांधाच्या भांडणात नाव आलेली माणसं घरटी सापडतील. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२)(फ) नुसार भारतातल्या फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसता एफआयआर आणि न्यायालयाने दखल घेतलेला खटला यात फरक आहे, आणि खटला असला तरी न्यायालयाची परवानगी आणून मार्ग निघतो. पीसीसी मात्र खटला चालू असताना सहसा स्वच्छ येत नाही. लपवणं हे सगळ्यात महाग पडतं: खोटी माहिती दिल्यास कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि कलम १० खाली पासपोर्टही जप्त किंवा रद्द होतो.

गल्फमध्ये असाल तर तिथला दाखला देश सोडायच्या आधी काढा. अमिरातीत 'यूएई पास' चालू असेपर्यंत तो मोबाइलवरून मिळतो, नंतर सोपं राहत नाही. फक्त कॅनडाला जायचं असेल तर तिथला नियम आडवा येतो: पूर्वीच्या देशाचा दाखला तुम्ही तिथलं वास्तव्य संपवल्यानंतरच्या तारखेचा हवा. म्हणून निघायच्या अगदी शेवटच्या दिवसांत अर्ज करा, आणि नव्याने मागितलाच तर पाठवता यावा म्हणून जुन्या ओळखपत्राची प्रत सांभाळून ठेवा.