बांधावरील फुलोरा आणि रानमाश्या

गंगापूर तालुक्यात शेताचा हिशेब मांडताना बांध हा नेहमी उणे बाजूस धरला जातो. बांध म्हणजे पडीक जागा, काटेरी झुडपे, घुशींची बिळे आणि भाऊबंदकीतील तंट्याचे मूळ, अशी समजूत दृढ झालेली आहे. यंत्राने बांध कोरून दोन तास अधिक काढले की तेवढे उत्पन्न वाढले, असे मानले जाते. हा हिशेब अपुरा आहे, कारण त्यात मधमाशीचा वाटा मोजलेला नाही.

कांद्याच्या बियाण्याचे उदाहरण घ्यावे. गोंड्यातील फुलात पराग अगोदर सुटतात आणि स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर कोणीतरी वाहून न्यावे लागतात, आणि ते काम मुख्यत्वे माश्यांचे आहे. डोंगळे जोमदार, खतपाणी वेळेवर, तरीही गोंडा चोळला असता हाती फोल येते. तेव्हा शेतकरी कधी बियाण्यास तर कधी औषधास दोष देतो. गोंड्यावर माशी किती बसत होती, हे पाहण्याची सवय अद्याप लागलेली नाही. कारली, दोडका, काकडी यांची नर व मादी फुले तर वेगवेगळीच असतात. तुरीच्या फुलावरही भुंगे आणि पानकापी माश्या काम करतात.

या माश्या राहतात कोठे? आग्या माशी उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली मोहोळ बांधते. फुलोरी माशीचे लहानसे पोळे झुडपाच्या फांदीला लोंबते. भुंगा वाळके लाकूड पोखरून त्यात घर करतो. याखेरीज एकेकट्या राहणाऱ्या अनेक जातींच्या माश्या जमिनीत बीळ करून त्यात अंडी घालतात. त्या मध साठवीत नाहीत, म्हणून त्यांची कोणी दखलही घेत नाही. नांगर न लागलेली कोरडी माती हे त्यांचे घर होय, आणि शेतशिवारात अशी माती बांधावाचून फारशी उरलेली नाही.

तालुक्याच्या पूर्वेकडील भागात तीही झपाट्याने कमी होत आहे. वाळूज येथे १९८० नंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या गावांच्या शिवारात भूखंड पडले. जमीन सपाट करताना बोर, बाभूळ, हिवर ही झाडे प्रथम जातात. उरलेल्या मातीवर सिमेंट येते. कुंपणाशी शोभेची झाडे लावली जातात, परंतु त्यांतील पुष्कळांत माशीला मिळण्यासारखे थोडेच असते. रात्री दिव्यांकडे आकर्षिल्या जाऊन आग्या माश्या मरून पडतात. हवेचाही परिणाम आहेच. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, प्रदूषित भागातील आग्या माश्या फुलांवर कमी येताना आढळल्या, आणि तेथून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक एका दिवसात मेल्या.

त्यात हवामान पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही. २०१२, २०१५ आणि २०१८ सालच्या अवर्षणांनी मराठवाडा होरपळला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमक्या कांद्याच्या फुलोऱ्याच्या दिवसांत, गारपीट झाली. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, तो बोर व हिवर फुलण्याचा काळ. पावसात माशी उडत नाही, फुलातील मध धुऊन जातो आणि पाणी साचल्यास जमिनीतील बिळे बुडतात. ताण पडला म्हणजे झाड मध कमी करते. एका झाडाचा बहर हुकला तर दुसरे फुललेले सापडावे, एवढी विविधता शिवारात असेल तरच माशी अशा वर्षात तग धरते.

यावर मधपेट्या हाच उपाय सांगण्याची प्रथा पडली आहे. २०२० साली राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान सुरू झाले; महाबळेश्वरजवळील मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. परंतु मांघरच्या भोवती घाटातील जंगल आहे, गंगापुरात ते नाही. बियाण्याच्या प्लॉटात फुलोऱ्यापुरत्या पेट्या अवश्य आणाव्यात. मात्र शिवार उघडे पडते तेव्हा पेटीतील माशीला साखरेच्या पाकावर जगवावे लागते किंवा अन्यत्र हलवावे लागते. यास्तव आधी बांध, मग पेटी, हाच क्रम योग्य ठरतो.

दोन एकरांच्या धन्याने जागा सोडावी कशी, हा आक्षेप रास्त आहे. त्याला नवी जागा सोडण्यास सांगू नये. आहे तो बांध कोरू नये आणि त्यावर तणनाशक मारू नये, एवढेच सांगावे. सावलीची भीती असेल तेथे तरवडासारखे झुडूप राखावे. करंज, निंब, शेवगा विहिरीकडेला किंवा रस्त्याकडेला लावावेत. पीक फुलात असताना फवारणी टाळावी. अटळ असेल तर सूर्यास्तानंतर करावी. मोहोळ जाळण्याऐवजी मधाचा भाग तेवढा कापून पिल्लांचा भाग ठेवावा. भाऊबंदकीचा तंटा मात्र झाडांनी मिटत नाही, त्याला मोजणीच लागते.

येत्या फुलोऱ्यात ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सकाळी दहाच्या सुमारास कांद्याच्या प्लॉटात जावे. झाडोरा असलेल्या बांधालगतचे वीस गोंडे आणि शेतमध्याचे वीस गोंडे पाहून, प्रत्येकावर बसलेल्या माश्या शेतकऱ्यासमक्ष मोजाव्यात व आकडे त्याच्याच वहीत लिहून ठेवावेत. काढणीच्या वेळी त्याच गोंड्यांचे बी वेगळे तोलावे.