टणटण थांबली म्हणजे कारण कळले असे नव्हे



घाट चढणारी मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. वेग मंदावला तरी चालक वरचा गिअर सोडत नाही, नुसती मूठ पिळत राहतो. आणि मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी टणटण इंजिनातून ऐकू येऊ लागते. गॅरेजमध्ये याला 'नॉकिंग' म्हणतात. पुष्कळांना वाटते, एखादा भाग सैल झाला असावा. पण हा आवाज मुळात ज्वलनाचा आहे.

पिस्टन वर येताना सिलिंडरमधील पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते. दाबलेला वायू तापतो. सायकलमध्ये भराभर हवा भरा आणि पंपाच्या तळाला हात लावून पाहा. मग ठिणगी पडते आणि तेथून ज्योत पुढे सरकत जाते. मात्र जळलेले वायू प्रसरण पावून पुढच्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबतात व तापवतात. ज्योत पोचण्यापूर्वीच ते उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेटले, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळू लागतात. हीच ती टणटण. ती जोराने आणि सतत होत राहिली तर पिस्टनला इजा पोचते.

असे का घडते? इंधनाचा ऑक्टेन अंक कमी असेल, ठिणगी वाजवीपेक्षा लवकर पडत असेल, इंजिन फार तापले असेल, आत काजळी साचली असेल किंवा कमी वेगात जास्त भार ओढावा लागत असेल. कारणे पाच, आवाज एकच! म्हणून आवाज ऐकताच 'महागडे पेट्रोल भरा' असे सांगणे मला पटत नाही. कोणत्याही तापावर एकच गोळी देण्यासारखे ते आहे.

अशा घाईची किंमत केवढी होऊ शकते, हे इतिहास सांगतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना १९२१ साली आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये किंचित मिसळले की टणटण थांबते. अल्कोहोलनेही ती कमी होते, हे तेव्हाही ठाऊक होते. शिसे विषारी आहे, हे तर फार पूर्वीपासून माहीत होते. १९२४ साली न्यू जर्सीतील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही शिसेयुक्त पेट्रोल जगभर पसरले. इंजिने शांत झाली. पण धुरातले शिसे हवेत, मातीत आणि माणसांच्या रक्तात गेले. त्याचा सर्वाधिक घात होतो तो लहान मुलांच्या वाढत्या मेंदूचा. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले. मोटारींसाठी ते विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया; तेथे ते २०२१ साली थांबले. आवाज बंद करण्याचा उपाय मागे घ्यायला तब्बल शंभर वर्षे लागली!

याचा अर्थ उपाय करूच नयेत असा नाही. प्रत्येक उपायाचा पुरता हिशेब मांडावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आजच्या अनेक मोटारींत हा कंप टिपणारा संवेदक असतो. त्याची खबर मिळताच ठिणगी किंचित उशिरा पाडली जाते. टणटण थांबते, पण थोडी शक्ती घटते. आपल्याकडे पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. त्याने ऑक्टेन अंक वाढतो, ही जमेची बाजू. पण एक लिटर इथेनॉलमधून मिळणारी ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच असते. आणि ते उसापासून केले असेल, तर त्या उसाला लागलेले पाणीही हिशेबात धरले पाहिजे. हा विरोध नव्हे. वहीत जमेबरोबर खर्चही लिहायचा असतो.

शिक्षकांना एक विनंती. चार स्ट्रोकच्या इंजिनाची आकृती फळ्यावर काढून झाली की तेथेच थांबू नका. 'हे इंजिन टणटणू लागले, तर तुम्ही आधी काय तपासाल?' असे वर्गाला विचारा. आणि मित्रहो, उत्तर देण्यापूर्वी तुम्हीही दोन प्रश्न स्वतःला विचारा: कारण कोणते? आणि या उपायाची किंमत कोण मोजणार?