किल्ली बिस्मार्कला, घागर गावाला

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा या राज्यात घर, शेतजमीन वा दुकान यांच्या किमतीवर आकारला जाणारा मालमत्ता कर राज्यघटनेत दुरुस्ती करून कायमचा बंद करावा, हा प्रस्ताव नोव्हेंबर 2024 च्या मतदानात सुमारे 63 टक्के मतदारांनी फेटाळला. 2012 मध्ये असाच प्रस्ताव तीन चतुर्थांशांहून अधिक मतांनी पडला होता; म्हणजे दोन्ही वेळा कर टिकला असला, तरी त्याच्यावरचा राग मधल्या काळात वाढलाच आहे.

हा राग अनाठायी नाही. विक्रीकर खरेदीगणिक थोडाथोडा जातो आणि जाणवत नाही. मालमत्ता कराचा आकडा मात्र एकाच कागदावर डोळ्यांसमोर येतो, आणि तोही हातात रोख न आलेल्या संपत्तीवर. तेथील पद्धतीनुसार घराच्या बाजारभावाच्या निम्म्या रकमेचे नऊ टक्के करपात्र मूल्य धरले जाते. त्यामुळे 3 लाख डॉलरच्या घराचे करपात्र मूल्य 13,500 डॉलर भरते आणि त्यावर शाळा मंडळ, काउंटी म्हणजे जिल्हा प्रशासन, शहर व उद्यान मंडळ हे सारे आपापल्या अंदाजपत्रकाच्या गरजेप्रमाणे हजारी दर लावतात. घराचा भाव चढला, पण निवृत्तिवेतन होते तेवढेच राहिले, अशा वृद्ध दांपत्याला हा हिशेब पटावा तरी कसा?

तरीही मतदारांनी कर राखला, कारण पर्याय अधिक जाचक होता. बंद होणाऱ्या कराची भरपाई राज्याने करावी, पण ती किमान 2024 च्या पातळीइतकी असावी, एवढेच बंधन प्रस्तावात होते. महागाईप्रमाणे ती वाढेल, याची हमी नव्हती. दर दोन वर्षांना सुमारे 3 अब्ज डॉलरचा हा बोजा अखेर तेलाच्या उत्पन्नाकडे बोट दाखवत होता, आणि तेलाचा भाव बिस्मार्क या राजधानीत ठरत नाही. शिवाय तेथील विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच भरत असल्याने, मध्येच पट वाढलेल्या शाळेने कोणाच्या दारात उभे राहावे, हा प्रश्न उरलाच असता. महाराष्ट्रात जकात गेल्यावर महापालिकांना दरवर्षी आठ टक्के वाढीसह भरपाई देण्याचे 2017 च्या कायद्यानेच ठरवले. तरी स्वतःचे उत्पन्न गमावलेल्या पालिकेला मंत्रालयाच्या तोंडाकडे पाहावे लागते ते लागतेच. नॉर्थ डकोटाच्या प्रस्तावात तेवढीही वाढ लिहिलेली नव्हती.

मात्र या निकालाला स्थानिक स्वायत्ततेचा निर्विवाद विजय म्हणणे घाईचे ठरेल. 2025 मध्ये विधिमंडळाने स्वतः राहत असलेल्या घरावरील करसवलत 500 वरून 1,600 डॉलरपर्यंत नेली, तिच्यासाठी 2010 च्या जनमताने उभारलेल्या तेलनिधीच्या उत्पन्नाचा आधार घेतला आणि स्थानिक संस्थांच्या करवाढीवर वार्षिक तीन टक्क्यांची मर्यादाही घातली. ज्या परावलंबनाला मतदारांनी एका फटक्यात नकार दिला, तेच आता हप्त्याहप्त्याने येत आहे. फरक इतकाच, की ही मर्यादा ओलांडायची असेल तर स्थानिक संस्थेला आपल्या मतदारांची संमती मागता येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मात्र यातले काहीच थेट मिळत नाही, आणि घरमालकांच्या रागाभोवती फिरलेल्या या साऱ्या वादात त्यांची बाजू फारशी कोणी मांडलीही नाही.