नाव घ्या, पण नीट लिहूनही घ्या!

मी आष्टीची आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, 'बीडची आष्टी की वर्ध्याची?' मग सांगावं लागतं, 'नाही हो, जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली.' गावाच्या नावाचा घोळ एवढ्यावर मिटतो. पण माणसाच्या नावाचा घोळ बाईला किती पळवतो, ते परवाच पाहिलं.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी. मालक जाऊन वर्ष झालं. निराधार योजनेचा अर्ज परत आला म्हणून कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. मी एकेक कागद मांडला. आधार कार्डावर विठ्ठल, सातबाऱ्यावर विठोबा आणि मृत्यूच्या दाखल्यावर विठू! आधारवर इंग्रजीत दोन 'टी', तर बँकेच्या पासबुकावर एकच. मी विचारलं, 'मावशी, खरं नाव कोणतं?' त्या ओशाळून म्हणाल्या, 'मला काय ठावं बाई? मी कधी नाव घेतलंय का त्यांचं? पोरीचे बाप म्हणायची.'

गंमत अशी, की तिन्ही नावं खरीच. पंढरीच्या देवाचं नाव विठ्ठल. लाडानं विठू, आदरानं 'बा' लावून विठोबा, जसा खंडोबा तसा. विटेवर उभा म्हणून विठ्ठल, असं आपण आजीकडून ऐकलेलं. पण रा. गो. भांडारकरांसारख्या अभ्यासकांनी हे नाव 'विष्णू'पासून आल्याचं सांगितलं. विष्णूचं कानडीत झालं 'बिट्टी', आणि त्याचंच पुढे विठू, विठ्ठल. बाराव्या शतकातल्या होयसळ राजा विष्णुवर्धनाचं आधीचं नाव बिट्टिदेव होतं, ते याचंच उदाहरण. संतांनी आपल्या देवाला 'कानडा' म्हटलं, ते उगीच नाही.

हे नाव एका भाषेत मावलंच नाही. कर्नाटकात पुरंदरदासांनी आपल्या पदांत 'पुरंदर विठल' अशी मुद्रा घातली. हंपीला विठ्ठलाचं भव्य मंदिर आहे. गुजरातेत तेच नाव विठ्ठलभाई झालं. सरदार पटेलांचे थोरले बंधू विठ्ठलभाई १९२५ साली मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले हिंदी अध्यक्ष झाले. आपल्याकडे ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत. बायकांच्या वाट्यालाही ते आलं, विठाबाई म्हणून. शिवाय पांडुरंग, पंढरीनाथ ही त्याच देवाची नावं.

म्हणजे ज्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक आहे की विठोबा आणि विठ्ठल एकच, तिथे एका विधवेला ते प्रतिज्ञापत्र करून पटवून द्यावं लागतं! खिडकीमागचा माणूस घरी गेल्यावर त्याच विठोबाला हात जोडत असेल. नियम पाळावेत, त्याबद्दल दुमत नाही. पण अर्ज तोंडावर परत फेकण्याआधी 'बाई, अमुक कागद आणा' एवढं तरी नीट सांगावं की नाही?

मात्र दोष सगळा त्यांच्यावर ढकलून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. मैत्रिणींनो, आपण नवऱ्याचं नाव घेतो ते उखाण्यात, हळदीकुंकवाला, लाजत लाजत. एरवी 'हे', 'मालक', 'अहो'. त्यात प्रेम आहे, मान आहे, कबूल. पण ते नाव कागदावर कसं लिहिलंय हे किती जणींनी पाहिलंय? नाव उच्चारायचं नाही म्हणून कागदही पाहायचा नाही, ही रीत आता सोडायला हवी. त्याची किंमत शेवटी आपणच मोजतो, आणि तीही सगळ्यात वाईट वेळी.

तेव्हा एका दुपारी घरातली ट्रंक उघडा. आधार, रेशनकार्ड, सातबारा, पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि मराठी-इंग्रजी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. माणूस हयात असताना नाव दुरुस्त करणं कितीतरी सोपं. घरात दुःखद प्रसंग आला तर मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्या गडबडीत गावकरी हाकेचं नाव सांगून टाकतात, म्हणून नोंदीसाठी आधारची झेरॉक्सच द्या.

आणि आता प्रश्न नवऱ्याच्या नावापुरता राहिलेला नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य सरकारनं ठरवला आहे. इतक्या वर्षांनी आपलं नाव कागदावर आलंय. ते तरी एका जागी सुमन, दुसऱ्या जागी सुमनबाई असं होऊ देऊ नका.

मावशींचं प्रतिज्ञापत्र करून अर्ज पुन्हा दिलाय. सही करण्याआधी त्यांना विचारलं, 'आता सांगा, मालकांचं नाव काय?' डोक्यावरचा पदर सारखा करून त्या सावकाश, स्पष्ट म्हणाल्या, 'विठ्ठल.' उखाण्याशिवाय घेतलेलं ते पहिलंच नाव असावं. ऐकायला माणूस मात्र नव्हता.