आता भावनांचीही शिकवणी!

सध्या पालकांमध्ये नवं खूळ आहे. पोराचं अभ्यासात लक्ष नाही? मग त्याचा ईक्यू वाढवा! शिबिराला घाला, शेवटी सर्टिफिकेट मिळतंच. म्हणजे गणिताची शिकवणी, सायन्सची शिकवणी आणि आता भावनांचीही.

मंडळी, असला प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. सीबीएसईने २००९ साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे सीसीई आणलं. नववी-दहावीच्या प्रगतिपुस्तकात 'भावनिक कौशल्यां'ना चक्क ग्रेड! अशा अभ्यासेतर ग्रेडच्या जोरावर विषयातली ग्रेडही वर सरकायची. आता भरलेल्या वर्गात बाईंनी कुणाचं मन कधी मोजायचं? २०१७ मध्ये सगळा गाशा गुंडाळला.

हेतू चांगला होता, मान्य. पण भावनेला ग्रेड दिली की पोरगं भावना ओळखायला शिकत नाही, ग्रेड मिळवायला शिकतं. 'राग आल्यावर काय करतोस?' याचं 'बरोबर' उत्तर १४ वर्षांच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं.

'पण संशोधन सांगतं ना!' सांगतं की. २०२० साली कॅरोलिन मॅकॅन आणि सहकाऱ्यांनी ४२ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले. भावनिक बुद्धिमत्ता आणि गुण यांचा सहसंबंध निघाला ०.२० च्या आसपास. वर्ग करा, गुणांमधल्या फरकापैकी जेमतेम ४ टक्के. खोटं नाही, पण गुरुकिल्ली म्हणून विकण्याएवढंही नाही. आणि मुलांनी स्वतःच स्वतःला जोखलं, तर हाच आकडा ०.१२ वर येतो.

पंधरा वर्षांच्या पोराचं अभ्यासातून मन उडतं, तेव्हा पुष्कळदा तो आळस नसतो, भीती असते. चुकलं तर वर्ग हसेल, सर टोमणा मारतील, घरी शेजारच्याचे मार्क ऐकवले जातील. मग गप्प बसलेलं बरं. खरं तर हीच त्याची भावनिक बुद्धिमत्ता! समोरच्याचा मूड त्याने अचूक ओळखलेला असतो.

आमच्या धंद्यात एरर मेसेज दाबून टाकला म्हणून बग जात नाही. पोराची चिडचिड हा एरर मेसेज आहे. बग घरात आणि वर्गात आहे.

चुकीच्या उत्तरावर न हसणारा वर्ग, 'नाही कळलं' म्हटल्यावर पुन्हा समजावणारे सर आणि मार्कांच्या आधी 'आज दिवस कसा गेला?' विचारणारे आईबाप. फी शून्य. अडचण एकच, या शिबिराला पोरांना नाही, आपल्याला बसावं लागेल.